जवळची भाजी घेतल्याने ऊर्जा वाचते का?

आपला प्रश्न असा आहे की, पुण्यात राहून लांबची भाजी टाळली आणि केवळ जवळपासच्या तालुक्यांतील घेतली, तर अन्नामागे खर्च होणाऱ्या ऊर्जेत कितपत बचत होईल. माझ्या मते ती होईल, पण फारच थोडी, कारण शेतमालातली बरीचशी ऊर्जा तो टेम्पोत चढण्यापूर्वीच खर्च झालेली असते.

वाहतुकीचा हिशेब आधी करू. नारायणगावहून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सुमारे ८० किलोमीटरवरून टोमॅटो येतो. दीड टन माल घेऊन येणारा टेम्पो लिटरला १० किलोमीटर चालतो असे मानले, तर रिकामा परतण्याचे डिझेल धरूनही किलोमागे जेमतेम ११ मिलिलिटर इंधन लागते. आपण मात्र दोन किलो टोमॅटोसाठी स्कूटरवरून जाऊन-येऊन चार किलोमीटर फिरलात, तर ४० च्या ॲव्हरेजने १०० मिलिलिटर पेट्रोल जाळता, म्हणजे किलोमागे ५०. हे गणित मांडल्यापासून मी स्वतः मंडईत पायी जातो, आणि त्याचे थोडे श्रेय प्रभात रस्त्यावरच्या वाहतुकीलाही आहे.

खरा खर्च पाण्याचा आहे. हजार लिटर पाणी १०० मीटर खोल बोअरमधून उचलायला भौतिकशास्त्राच्या नियमाने ०.२७ युनिट पुरते. पण पंपसंचाची एकूण कार्यक्षमता ३५ टक्के धरली, तर पाऊण युनिटाहून अधिक वीज जाते. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी उताराने शेतात आले, तर तेच काम विजेविना होते. म्हणूनच ठिबक सरसकट ऊर्जा वाचवते, हे विधान मला अपुरे वाटते: बोअरवर कमी पाणी उपसावे लागल्याने ते खरे ठरते, परंतु पाटाच्या पाण्यावर ठिबक बसवले, तर पाणी वाचते आणि दाबासाठी वीज मात्र नव्याने लागते.

दौंड तालुक्यातील आमच्या विहिरीवर मोटर वारंवार जळत असे आणि दरवेळी रिवाइंडिंग करून आम्ही दोष व्होल्टेजला देत असू. व्होल्टेज कमी होतेच, परंतु दोन इंची पाइप आणि तीन अनावश्यक एल्बो (पाइप वळवणारे जोड) यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते. पाण्याचा प्रवाह तेवढाच ठेवून पाइप अडीच इंची केला, तर घर्षणाचा विरोध साधारण एक तृतीयांश उरतो, कारण तो व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत झाल्यावर अशा पाइपचा खर्च करायला शेतकऱ्याला कारण उरले नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. अर्थात रात्रीच्या लाईटीला विहिरीवर जाणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही.

दुसरा मोठा खर्च डोळ्यांना दिसत नाही, तो युरियाचा. नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि त्यापासून युरिया तयार होतो. ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे ३० लिटर डिझेलइतकी ऊर्जा गुंतलेली असते, आणि त्यातला बराच नत्र पिकाला न मिळता हवेत किंवा पाण्याबरोबर वाहून जातो. माती परीक्षण करून एक गोणी कमी टाकली, तर जी बचत होते ती दीड टन टोमॅटोच्या नारायणगाव फेरीच्या डिझेलच्या जवळपास दुप्पट आहे.

उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. केडगावच्या गुऱ्हाळांत उसाचा रस काढल्यावर उरलेले चिपाड वाळवून चुलवणात जाळतात, त्यामुळे रस आटवण्यासाठी बाहेरचे इंधन फारसे लागत नाही.

आपल्या हातात काय आहे, असे विचाराल, तर स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी. कडधान्य रात्रभर भिजवून कुकरमध्ये शिजवावे, आणि आणलेली भाजी सडू देऊ नये, कारण फेकलेल्या टोमॅटोबरोबर त्याचे पाणी, युरिया आणि डिझेल हे सगळेच वाया जाते.