सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांच्या भरवशाबद्दल मालकांचे अनुभव कितपत खरे मानावेत?

तुमचा प्रश्न असा आहे: एकाच मॉडेलच्या ९ मिमी पिस्तुलाबद्दल एक मालक लिहितो की 'आजवर एकदाही अडकलं नाही', दुसरा लिहितो की 'दर मॅगझिनला अडकतं', मग खरं कोणाचं मानायचं? मी बरीच वर्षं नेमबाजी करतो आणि रेंजवर इतरांची अडकलेली पिस्तुलं बघायचं कामही बहुतेक माझ्याकडेच येतं. माझ्या मते दोघंही खरं बोलत असतील. पण दोघांच्या वाक्यातून पिस्तुलाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. किती गोळ्या झाडल्या, कुठली काडतुसं वापरली, मॅगझिन (काडतुसं भरून मुठीत सारायची डबी) कोणतं होतं आणि पिस्तूल कोणाच्या हातात होतं, हे कळल्याशिवाय मी कुठल्याच अनुभवाला वजन देत नाही.

आधी आकड्यांचं बोलू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. ५० गोळ्यांची एक पेटी संपली की 'एकदम खात्रीचं पिस्तूल' असं लिहून मोकळे होणारे खूप आहेत. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा हिशोब आहे. एखादी गोष्ट सलग जितक्या वेळा न चुकता पार पडली, त्या संख्येने ३ ला भागायचं. बिघाडाचं खरं प्रमाण त्या उत्तरापेक्षा जास्त नाही, असं साधारण ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ५० गोळ्या विनाअडथळा गेल्या तर हे उत्तर ६ टक्के येतं, म्हणजे दर १६-१७ गोळ्यांमागे एकदा अडकणारं पिस्तूलसुद्धा या परीक्षेत पास होऊ शकतं. ३०० गेल्या तर १ टक्का, ५०० गेल्या तर ०.६ टक्के. १९११ च्या मार्चमध्ये अमेरिकी सैन्याने जॉन ब्राउनिंग या शस्त्ररचनाकाराच्या पिस्तुलाची ६,००० गोळ्यांची चाचणी घेतली. ते एकदाही अडकलं नाही, आणि स्पर्धेतलं सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल ३७ वेळा अडकलं. इतक्या गाजलेल्या चाचणीतूनही या हिशोबाने एवढंच म्हणता येतं की बिघाड २,००० गोळ्यांमागे एकापेक्षा कमी. शिवाय त्या चाचणीत दर १०० गोळ्यांनंतर पिस्तूल थंड होऊ देत होते आणि दर १,००० नंतर साफ करून तेल देत होते. हा तपशील फारसा कोणी सांगत नाही.

आता अडकतं म्हणजे नेमकं काय होतं ते बघा. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे जाते, एक्स्ट्रॅक्टर रिकामी पुंगळी चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतून) ओढून काढतो, इजेक्टर तिला बाहेर फेकतो, रिकॉइल स्प्रिंग स्लाइडला परत पुढे ढकलते आणि जाता जाता स्लाइड मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये सारते. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात होतं. तेवढ्या वेळात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचं काडतूस योग्य उंचीला, योग्य कोनात आणून ठेवलेलं असावं लागतं. म्हणून माझा पहिला संशय नेहमी मॅगझिनवर असतो.

रेंजवरचंच एक उदाहरण सांगतो. एका ओळखीच्या नेमबाजाचं नवंकोरं पिस्तूल मधूनच अडकायचं. काडतुसाचं टोक वर चेंबरकडे जाण्याऐवजी खाली झुकून चेंबरखालच्या उतारावर रुतून बसायचं. तो पिस्तूल परत करायला निघाला होता. आम्ही त्याच्या तिन्ही मॅगझिनच्या बुडावर रंगाने १, २, ३ असे आकडे टाकले आणि पिस्तूल अडकलं की आकडा लिहून ठेवायला लागलो. प्रत्येक वेळी २ च निघाला. ते मॅगझिन उघडलं तर आतली स्प्रिंग उलटी बसवलेली होती. साफ करताना कोणीतरी काढली असणार आणि परत घालताना टोकाचा वेढा पाठीमागे गेला असणार. त्यामुळे काडतुसं पेलून धरणाऱ्या पट्टीची पुढची बाजू खचायची. स्प्रिंग सरळ केल्यावर तेच पिस्तूल, तीच काडतुसं, आणि अडकणं बंद. हा माणूस त्या दिवशी अनुभव लिहायला बसला असता तर त्याने पिस्तुलालाच दोष दिला असता, आणि अगदी प्रामाणिकपणे दिला असता. मॅगझिनला आकडे टाका, हा सल्ला मी भेटेल त्याला देतो. मॅगझिनच्या वरच्या कडा जराशा फाकल्या तरी असंच होतं, आणि ते नुसत्या नजरेला दिसत नाही.

मग काडतुसं. टोकाला खळगी असलेल्या गोळीचा आकार गोल टोकाच्या गोळीपेक्षा वेगळा असतो, त्यामुळे एक प्रकार लोण्यासारखा जातो आणि दुसरा अडखळतो. काडतुसातल्या दारूचा भार हलका असला तर स्लाइड पुरती मागेच जात नाही, आणि रिकामी पुंगळी अर्धवट बाहेर येऊन उभीच्या उभी चिमटली जाते. घरी भरलेली काडतुसं वापरून पिस्तुलाला नावं ठेवणाऱ्याचा अनुभव मी बाजूला काढून ठेवतो. .२२ बोअरच्या बारीक काडतुसांची गोष्ट तर पूर्णच निराळी आहे. त्यात पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या काठात फिरवून भरलेलं असतं. काठाच्या एखाद्या भागात ते नीट पोचलं नसेल आणि फायरिंग पिन नेमकी तिथेच बसली तर गोळी सुटत नाही. तेच काडतूस जरा फिरवून परत लावलं की बहुतेकदा सुटतं. म्हणून .२२ च्या पिस्तुलाचा भरवसा ९ मिमीच्या मापाने मोजणं अन्यायाचं आहे.

हाताचा विषय निघाला की लोक चिडतात, तरी तो टाळता येत नाही. स्लाइडला मागे जायला घट्ट धरलेली चौकट, म्हणजे मुठीसकटचा खालचा भाग, लागते. मनगट सैल सुटलं की चौकटही मागे जाते, स्लाइडचा जोर वाया जातो आणि पुंगळी अडकते. हलक्या पॉलिमर पिस्तुलात हे जास्त जाणवतं. एकाच्या हातात अडकणारं पिस्तूल शेजारच्याच्या हातात त्याच मॅगझिनसकट सुरळीत चालताना मी अनेकदा बघितलंय. आखूड, खिशात मावणाऱ्या पिस्तुलांवर तर याचा जास्तच परिणाम होतो: स्लाइड हलकी, तिचा प्रवास कमी, स्प्रिंग कडक, म्हणून मॅगझिनला काडतूस वर आणायला मिळणारा वेळही कमी. मोठं मॉडेल भरवशाचं आहे म्हणून त्याचं छोटं भावंडही तसंच निघेल, असं धरून चालू नका.

मग मालकांचे अनुभव वाचायचेच नाहीत का? वाचायचे, पण तक्रारीत साम्य कुठे आहे ते बघत. एकमेकांना न ओळखणारे लोक, काडतुसं वेगळी, हात वेगळे, आणि तरी तुटतोय तोच भाग किंवा अडकतंय त्याच पद्धतीने, तर तो दोष पिस्तुलाचा. नुसतं 'फालतू आहे' किंवा 'अप्रतिम आहे' यातून काही हाती लागत नाही. मला सगळ्यात उपयोगी वाटतात ते स्पर्धेत उतरणाऱ्यांचे अनुभव, कारण ते हजारोंनी गोळ्या झाडतात आणि नोंद ठेवतात. सीझेड ७५ च्या घराण्यातली पिस्तुलं वापरणारे बरेच स्पर्धक जादाचा स्लाइड-स्टॉप (मॅगझिन संपल्यावर स्लाइड मागे अडवून धरणारा खटका) जवळ बाळगतात, कारण खूप वापरानंतर तो तुटू शकतो हे त्यांना ठाऊक असतं. पिस्तूल ते सोडत नाहीत, सुटा भाग सोबत ठेवतात. अशी माहिती पाच तारे देणाऱ्याकडून मिळत नाही.

अडकणं आणि तुटणं यातही फरक करा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सैन्यातल्या काही बेरेटा एम ९ पिस्तुलांच्या स्लाइड तुटल्या आणि मागचा तुकडा नेमबाजाच्या तोंडावर आला. त्यानंतर घोड्याच्या पिनचं डोकं मोठं केलं गेलं, म्हणजे स्लाइड तुटली तरी मागे उडून येणार नाही. सुरळीत चालणाऱ्या पिस्तुलालाही आयुष्य असतं. रिकॉइल स्प्रिंग तर बदलायचीच वस्तू आहे: पूर्ण आकाराच्या ९ मिमीमध्ये साधारण ३,००० ते ५,००० गोळ्यांनी, छोट्या पिस्तुलात त्याच्या कितीतरी आधी. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच पाळा.

आणखी एक भरवसा असतो, आणि मला तो पहिल्याहून मोठा वाटतो: चाप ओढला नाही तर गोळी सुटता कामा नये. अमेरिकी सैन्याने जानेवारी २०१७ मध्ये सिग कंपनीच्या पी ३२० वर आधारलेलं पिस्तूल निवडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाजारातलं पी ३२० विशिष्ट कोनात जमिनीवर पडलं तर गोळी सुटू शकते असं समोर आलं, आणि कंपनीने त्यातले भाग बदलून द्यायला सुरुवात केली. हजार गोळ्या न अडकता झाडलेल्या मालकालाही हा दोष दिसला नसता. म्हणून निवड करताना त्या मॉडेलबद्दल उत्पादकाने काढलेल्या सुरक्षा सूचना आधी वाचा, अनुभव नंतर.

माझी निवड विचाराल तर पूर्ण आकाराचं, ९ मिमी, अनेक दशकं वापरात असलेलं डिझाइन: ग्लॉक १७, बेरेटा ९२, सीझेड ७५ यांपैकी हातात नीट बसेल ते. मॅगझिन मूळ कंपनीचंच. पहिल्या काहीशे गोळ्यांत एखाद-दुसरा अडथळा आला तर मी घाबरत नाही, नव्या पिस्तुलाचे भाग एकमेकांशी जुळायला वेळ लागतो. त्यानंतर मात्र जी काडतुसं खरोखर वापरणार आहात त्याच काडतुसांनी निदान ५०० चा टप्पा पार करा आणि वहीत गोळ्यांची संख्या, मॅगझिनचा आकडा, काडतुसाचा प्रकार आणि अडथळा कसा आला ते लिहा.

ही परीक्षा घेताना एक धोका लक्षात असू द्या. पिस्तूल अडकलं की मॅगझिनवर थाप मारून स्लाइड ओढायची आणि परत चाप ओढायचा, ही सवय शिकवली जाते आणि एरवी ती योग्यच आहे. पण आवाज नेहमीपेक्षा दबका आला, नुसतं फुस्स झालं किंवा धक्का जाणवलाच नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. पिस्तुलाचं तोंड लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, मग मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, स्लाइड उतरवा आणि सुट्या केलेल्या नळीतून आरपार उजेड दिसतोय याची खात्री झाल्यावरच पुढचं काडतूस भरा.