चाळीस माणसांच्या कारखान्यात लोकांचा उत्साह टिकवायचा कसा?

दर महिन्याला 'उत्कृष्ट कर्मचारी' निवडता, फोटो लावता, बोनस देता, तरी लोक मरगळलेले, आणि गल्लीतल्या मंडळाच्या पोरांचंही तेच, असं तुम्ही लिहिलंय. तो फोटोचा बोर्ड आधी काढा. असलंच एक बक्षीस माझ्या घरी माळ्यावर खोक्यात पडून आहे, म्हणून लिहितोय.

मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवायच्या कारखान्यात, मोल्डिंगचा (वाळूचे साचे बनवायच्या कामाचा) सुपरवायझर. आमच्याकडे सांगलवाडीचा एक मोल्डर होता, सगळे अण्णा म्हणायचे. सकाळी आला की मशीनला हात लावायच्या आधी वाळूची मूठ आवळायचा, बोटांचे ठसे बघायचा, मग गोळा मोडून बघायचा. लॅबचा आकडा यायच्या आधी याचा निकाल तयार: "सायेब, वाळूत वल जास्त हाय. वतू नका." ओल जास्त असली की धातू ओतताना वाफ धरते, ती कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) अडकते आणि मशीनिंगला गेल्यावर ब्लो होल (आतली भोकं) उघडे पडतात. तोवर सगळा खर्च होऊन गेलेला. हे सांगणं त्याच्या कामात नव्हतं.

२०१९ चा ऑगस्ट. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. सांगलवाडी पाण्यात. आमचा कारखाना माळावर, मी विश्रामबागेतला, घर कोरडं. अण्णा आठ दिवस आला नाही. येणार कुठून? मस्टरवर 'गैरहजर' मी माझ्या हातानं लिहिलं. आठही दिवस बिनपगारी. आणि सप्टेंबरात गेटजवळ मंडप टाकून ऑगस्टच्या पूर्ण हजेरीची बक्षिसं! भिंतीवरचं घड्याळ. नऊ जणांना मिळालं, नऊही कोरड्या घरांतले. त्यात मी. अण्णा मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता.

आदल्या दिवशी मी एचआरच्या साहेबांकडे गेलो होतो. म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." मग पाणी सगळ्यांच्या घरात सारखं शिरलं होतं का, हे मला रात्री जेवताना सुचलं. तेव्हा 'बरं साहेब' म्हणून बाहेर आलो, आणि घड्याळही घेतलं.

त्यानंतर अण्णा वेळेवर यायचा, टार्गेट पुरं करायचा. मूठ मात्र आवळली नाही. एकदा अख्खा लॉट ब्लो होलनं गेला. विचारलं तर म्हणाला, "लॅबचा रिपोर्ट बरोबर हुता की." साहेबांनी त्याच्या नावापुढं लिहिलं, 'पुढाकाराचा अभाव'. याच माणसानं पुरात गल्लीतली पोरं गोळा करून होडीतून म्हातारी माणसं बाहेर काढली, पाणी ओसरल्यावर शाळेतला चिखल उपसला. तुमच्या मंडळाच्या पोरांचंही तेच. नुसती कामं वाटू नका, वर्गणीचा हिशेब त्यांच्या हातात द्या, खर्च कशावर ते त्यांना ठरवू द्या. (जास्त बोलत नाही, आमच्या मंडळात अध्यक्षपदावरून दोन तट आहेत.)

बोनसचं म्हणाल तर चाळीस माणसं म्हटल्यावर पात्र कामगारांना किमान ८.३३ टक्के कायद्यानंच द्यावा लागतो. ओव्हरटाइम दुप्पट दरानं, तोही कायद्यानंच. देणं ते देणं, त्याची उत्साहात गणती करू नका. कुणी न विचारता काही सांगायला आला, तर त्याचं काय केलं ते त्याच आठवड्यात त्याला सांगा. नाही जमलं तर तेही सांगा.

हजेरीचं बक्षीस वाईटच असं नाही, साध्या महिन्यात चालून जातं. आणि माझं सगळं फौंड्रीतलं, ऑफिसातलं मला कळत नाही. पगारच वेळेवर होत नसेल तर वरचं सगळं सोडून द्या, आधी तो करा.

अण्णा दोन वर्षांनी मिरजेकडे दुसऱ्या फौंड्रीत गेला. मागच्या दिवाळीत विश्रामबागेत भेटला. कसं काय, बरं हाय का, काही नाही, पहिला प्रश्न, "त्यो सँड मिक्सर बदलला का न्हाई?"

नाही बदललेला.