तीन दिवस, 12,000 भाडं: स्टॉल घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की क्रोशाच्या पिशव्या विकायला तीन दिवसांचा 12,000 रुपयांचा स्टॉल परवडेल का. पिशवी 650 ची, दोरा 180 चा, विणायला नऊ तास. आकडे तुम्हीच दिलेत, म्हणून आधी तेवढं गणित मांडते. एका पिशवीमागे 470 सुटतात. नुसतं भाडं निघायला 26 पिशव्या खपायला हव्यात. म्हणजे 234 तास विणायचं आणि हातात उरणार 220 रुपये. त्यात टेंपो आणि जेवणखाण धरलेलंच नाही. नुसत्या मोठ्या पिशव्या घेऊन जाणार असाल तर जाऊ नका.

आता मी स्वतः का जाते ते सांगते.

मी गोधड्या शिवते, हातानं, जुन्या सुती साड्यांच्या. पहिला स्टॉल 2014 मध्ये घेतला, एका मंगल कार्यालयातल्या प्रदर्शनात. भाडं 9,000, टेंपो येऊन-जाऊन 2,400, चहा-जेवण 900 आणि जे विकलं त्याचं सामान साधारण 4,500 चं. तीन दिवसांत गल्ला जमला 11,200. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं, 'अकरा हजारांचा धंदा झाला!' सासूबाईंनी पेढे आणले. 5,600 रुपयांचा खड्डा पडलाय हे मला आठवड्यानं वही घेऊन बसले तेव्हा कळलं, आणि त्यातही माझी मजुरी मी धरलीच नव्हती. पेढे संपले होते तोवर.

त्या खड्ड्याचं कारण माझं काम वाईट होतं असं नाही. समोरच्याच स्टॉलवर 'हस्तकला' अशी पाटी लावून मशीनवर शिवलेल्या रजया होत्या, 900 ला एक. माझी सिंगल गोधडी 3,200 ची. लोक त्यांच्याकडून माझ्याकडे यायचे, हात फिरवायचे आणि म्हणायचे, 'तिथे तर नऊशेला आहे.' आयोजकांना विचारलं तर म्हणाले, मॅडम, भाडं त्यांनीही भरलंय. तेव्हापासून पैसे भरण्याआधी मी एकच गोष्ट विचारते: वस्तू बघून निवड करता, की जो पैसे देईल त्याला जागा? दुसरं उत्तर आलं, किंवा उत्तर टाळलं, की मी जात नाही. शक्य असेल तर आदल्या वर्षी नुसतं फिरून या. बाहेर पडणाऱ्यांच्या हातात काय आहे ते बघा. सगळ्यांच्या हातात कणसं आणि पापडाची पाकिटं असतील तर तो खाण्याचा मेळा आहे, आपल्या कामाचा नाही.

उघड्या मैदानावर असाल तर स्वतःची ताडपत्री न्या. एकदा ऐन डिसेंबरात अवकाळी पाऊस आला, मांडवाचं कापड गळायला लागलं आणि लाल काठाचा रंग पांढऱ्या साडीवर उतरला. एका रात्रीत चार गोधड्या गेल्या. ओली गोधडी दोघींनाही उचलवत नाही हे त्या रात्री कळलं. आता प्रत्येक साडी आधी दोनदा धुऊन रंग जातोय का बघितल्याशिवाय मी सुई लावत नाही.

पण त्याच प्रदर्शनात, पावसाच्या दुसऱ्या दिवशी, नऊवारीतल्या एक आजी स्टॉलवर आल्या. गोधडी त्यांनी आधी उलटीच केली. गिऱ्हाईक रंग बघतं, जाणकार पाठ बघतो. धावदोऱ्याच्या ओळीवरून बोट फिरवत मध्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. 'कच्चे टाके घातले नाहीस ना गं आधी? थेट शिवायला बसलीस. मधे झोळ आलाय बघ.' खरं होतं. प्रदर्शनाची तारीख जवळ आली म्हणून मी ती पायरी गाळली होती, आणि तोवर शेकडो लोकांनी ती गोधडी हाताळली तरी एकालाही दिसलं नव्हतं. अर्धा तास बसल्या, चहा घेतला, काही न घेता गेल्या. तिसऱ्या दिवशी आवराआवर चालली होती तेव्हा त्यांची सून आली, हातात सहा साड्यांची पिशवी. 'आई म्हणतात हिच्याकडूनच शिवून घ्या, पण घाई करू नको म्हणावं.'

तिथून माझ्या धंद्याचं तोंड फिरलं. साड्या गिऱ्हाइकाच्या, मजुरी माझी, आगाऊ निम्मे पैसे, आणि भाव कुणी करत नाही, कारण आपल्या आईच्या साडीची तुलना कुणी समोरच्या रजईशी करत नाही. गेल्या वर्षी 31 गोधड्या शिवल्या, त्यातल्या 22 अशा ऑर्डरीच्या. स्टॉल मी आता वर्षातून दोनदाच घेते, आणि तो अशी माणसं भेटावीत म्हणून. भाडं निघतं ते बाळाच्या दुपट्यांवर आणि शंभर-दीडशेच्या बटव्यांवर.

म्हणून तुम्हालाही तेच सांगेन: तासाभरात होणाऱ्या, दोनशेच्या आतल्या वस्तू भरपूर करा. किचेन, केसांची फुलं, कपाखाली ठेवायच्या चकत्या. मोठ्या पिशव्या सहाच न्या, त्या टांगून ठेवा, आणि एक विणायला घेऊन बसा. हातात सुई चालू असली की लोक थांबतात, आणि 650 कशाचे ते वेगळं समजावावं लागत नाही. रंग बदलून हवा असेल तर ऑर्डर घेते, अशी पाटी लावा. वहीत नाव-नंबर लिहून घ्या. फोटो काढून जाणाऱ्यांवर चिडू नका. त्यातल्या काही जणी घरी जाऊन विणून बघतात, आणि नऊ तास लागतात हे कळल्यावर परत येतात (सगळ्या नाही, पण येतात).

घासाघीस होणारच. मी किंमत कमी करत नाही, दोन घेतल्या तर बटवा वर देते. भवानीच्या वेळी मात्र माझं मन अजूनही कच्चं पडतं, पहिलं गिऱ्हाईक सोडवत नाही.

मोठ्या ठिकाणांबद्दल थोडक्यात. मुंबईतला काळा घोडा महोत्सव 1999 पासून आहे, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरतो, गर्दी अफाट, पण बरीचशी बघ्यांची. पहिलाच अनुभव तिथे घेऊ नका. पुण्याची भीमथडी जत्रा डिसेंबरात असते, तिथे बचतगटांचा भरणा मोठा. महालक्ष्मी सरस हे सरकारी प्रदर्शन तर ग्रामीण बचतगटांसाठीच आहे, एकटीला तिथे शिरकाव नाही. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तांकडून कारागिरांना 'पहचान' ओळखपत्र मिळतं, ते काढून ठेवा. सरकारी मेळाव्यांचे अर्ज भरताना ते विचारतात. परराज्यात जायचं झालं तर जीएसटीचं आधी सीएला विचारा. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे, पण तुमची वस्तू त्या यादीत बसते का ते बघावं लागतं, आणि पॅन लागतंच.

कोपऱ्याच्या स्टॉलला 2,000 जास्त मागतायत, द्यावेत का, हेही विचारलंय. दोन बाजू उघड्या मिळत असतील तर द्या. फक्त शेजारी वडापावचा स्टॉल नाही ना ते नकाशात बघून घ्या, दोऱ्याला तळणाचा वास बसला की जात नाही. आणि खुर्ची घरून न्या. ते एक देतात, पण दुपारपर्यंत ती कुणीतरी उचलून नेलेली असते.