तुमचे प्रश्न : भूगोल मेजर, इकॉनॉमिक्स मायनर, आणि टाइमटेबलचं काय?

प्रश्न : ताई, आम्ही सांगलीचे. मुलगी बारावी आर्ट्सला आहे. तिला भूगोल पण हवाय, इकॉनॉमिक्स पण, वर कॉम्प्युटरही शिकायचाय. पुण्यातल्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचं लिबरल आर्ट्सचं, म्हणजे वेगवेगळ्या शाखांचे विषय एकत्र शिकायच्या पदवीचं, माहितीपत्रक घेऊन आली, फी बघून मी गप्पच बसलो. तिचे मामा म्हणतात असलं ना धड हे ना धड ते शिकून काय होणार, एमपीएससीला तरी चालेल का?

उत्तर : मामांचं आधी मिटवू. उपजिल्हाधिकारी, तहसीलदार या पदांना मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठलीही पदवी चालते, त्यामुळे तो मुद्दा इथेच संपला.

आता फीचं. विषयांची सरमिसळ करायला पुण्यालाच जावं लागतं अशी परिस्थिती आता राहिलेली नाही. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून मेजर-मायनर सुरू झालंय, म्हणजे तुमच्या घराजवळच्या कॉलेजातही एक मुख्य विषय (मेजर), एक जोडविषय (मायनर) आणि वर ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीने निवडायचा सुटा विषय. मायनर त्याच फॅकल्टीतला, म्हणजे शाखेतला, घ्या नाहीतर दुसऱ्या फॅकल्टीतला, ओपन इलेक्टिव्ह मात्र दुसऱ्याच फॅकल्टीतलं घ्यावं लागतं. आर्ट्सच्या मुलीने कॉम्प्युटर किंवा स्टॅटिस्टिक्स शिकावं असं आता नियमच म्हणतोय!

पण विषयांची यादी करण्याआधी लेकीला एक विचारा, की बाई तुला नक्की शोधायचंय काय? उदाहरण तुमच्याच दारातलं देते. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, आठवत असेल तुम्हाला. ते का न्यावं लागलं हे समजायला पर्जन्यछायेचा प्रदेश आणि भूजल माहीत हवं, तो झाला भूगोल. पाणी कमी तिथे ऊस का, हे कळायला भाव, कर्ज, कारखाना, हमी हे सगळं इकॉनॉमिक्स लागतं. नकाशावर विहिरींची पातळी मांडायची तर जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि माहिती जोडायचं तंत्र, आणि थोडं स्टॅटिस्टिक्स. आणि धरणाचं पाणी आधी कोणाला हे ठरवतं राजकारण, ते तर कुठल्याच एका विषयात मावत नाही. असा एखादा प्रश्न हाताशी असला की भूगोल मेजर, इकॉनॉमिक्स मायनर, इलेक्टिव्हला स्टॅटिस्टिक्स आणि जीआयएस हे आपोआप जुळतं. प्रश्नच नसेल तर मैत्रिणीने घेतलं म्हणून घेतलं, मार्क सुटतात म्हणून घेतलं असं होतं, आणि मग मामा बरोबर ठरतात.

ॲडमिशनच्या आधी कॉलेजात जाऊन माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि चालू वर्षाचं टाइमटेबल मागा. तिचा मेजर आणि तिला हवं ते इलेक्टिव्ह एकाच तासाला असेल तर कागदावर शंभर पर्याय असून उपयोग शून्य. इलेक्टिव्हच्या यादीतलं गेल्या वर्षी खरंच काय काय शिकवलं गेलं तेही विचारा, बऱ्याच ठिकाणी यादी लांबलचक असते आणि चालतात दोनच. पुढे एमए कशात करायचंय याचाही अंदाज आत्ताच घ्या, कारण काही विद्यापीठं एमएला पदवीचा तोच मेजर मागतात.

पूर्ण केलेल्या कोर्सचे गुणांक, म्हणजे क्रेडिट, जिथे ऑनलाइन जमा होतात त्या क्रेडिट बँकेचं खातं सगळेच काढतात, तुम्हीही काढा, क्रेडिट सात वर्षं टिकतात. पण क्रेडिट खात्यात आहेत म्हणून दुसरं कॉलेज ते डोळे झाकून घेईल असं समजू नका, त्यांचा अभ्यासक्रम जुळला तरच.

प्रश्न : मॅडम, मी विदर्भातल्या एका स्वायत्त कॉलेजात शिकवते. लिबरल आर्ट्सची चार वर्षांची डिग्री आखायच्या कमिटीत आहे. निम्मे लोक म्हणतात मुलांना सगळं मोकळं द्या, निम्मे म्हणतात दोन वर्षं सगळ्यांना तेच शिकवा.

उत्तर : हे भांडण दीडशे वर्षांचं आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासून पुढची चाळीस वर्षं निवडीचं स्वातंत्र्य इतकं वाढवलं की पुष्कळ मुलं सोपे सोपे आणि सुरुवातीचेच कोर्स गोळा करून पदवी घेऊन जायला लागली. १९०९ मध्ये त्यांच्या जागी लॉवेल आले आणि एका विषयात खोल जायचं, बाकीच्यांत थोडं थोडं फिरायचं, अशी घडी बसवली. आपलं मेजर आणि इलेक्टिव्ह त्याच वळणाचं आहे. अमेरिकेतल्याच ब्राऊन विद्यापीठाने १९६९ मध्ये सक्तीचे सर्वसाधारण कोर्स काढूनच टाकले, तेही विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने, पण एक मुख्य विषय पूर्ण करायची अट तिथेही आहे आणि सल्ला देणारे शिक्षक आहेत. एकटं स्वातंत्र्य कुणीच दिलेलं नाही.

आपल्या माणसाचं उदाहरण तर कमिटीत मुद्दाम सांगा. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, एमएचा मुख्य विषय अर्थशास्त्र, जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. आणि १९१६ च्या मे महिन्यात जातिव्यवस्थेवरचा निबंध त्यांनी वाचला तो प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये! अर्थशास्त्राचा विद्यार्थी दुसऱ्याच विभागात जाऊन आपला प्रश्न मांडतोय आणि तो विभाग ऐकून घेतोय. तुमच्या कॉलेजात इकॉनॉमिक्सचा मुलगा झूऑलॉजीच्या सेमिनारला बसला तर त्याला कुणी हाकलणार नाही ना, एवढं बघा.

म्हणून माझं मत, पहिल्या वर्षी सगळ्यांना एकच कोर्स सक्तीचा, दोन विभागांच्या शिक्षकांनी एकाच वर्गात उभं राहून शिकवलेला, तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या खऱ्या प्रश्नावर. कापूस घ्या, वाघ-माणूस संघर्ष घ्या. मग मेजर, आणि शेवटी एक प्रोजेक्ट ज्यात दोन विषय लागतीलच. मधलं सगळं मोकळं.

आणि प्राचार्यांकडून दोन गोष्टी लेखी घ्या. ओपन इलेक्टिव्हसाठी अख्ख्या कॉलेजचा एकच तास राखून ठेवायचा, त्या वेळी कुठल्याही विभागाने लेक्चर लावायचं नाही. दुसरं, दोघांनी मिळून शिकवलं तर दोघांचाही वर्कलोड पूर्ण धरायचा. नाहीतर दुसऱ्या सत्रापासून एकच जण शिकवतो आणि दुसऱ्याचं नाव फक्त कागदावर. घाईही करू नका, दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांची डिग्री घाईघाईने आणली आणि २०१४ मध्ये गुंडाळली, मधे अडकली ती पोरं.

प्रश्न : चौथं वर्ष करायलाच पाहिजे का? मी एस.वाय.ला आहे.

उत्तर : नाही. तीन वर्षांत पदवी मिळते, चौथं ऑनर्ससाठी. रिसर्चसह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, तू आत्ता एस.वाय.ला आहेस म्हणजे हातात वेळ आहे. चार वर्षं केलीस तर एमए एका वर्षात होऊ शकतं, पण ते एका वर्षाचं एमए तुला हव्या त्या विद्यापीठात सुरू झालंय का हे आधी फोन करून विचार.