अभंग येतो, पण ‘पाणी’ म्हणता येत नाही

प्रश्न : माझे यजमान 56 वर्षांचे आहेत. हर्णै बंदरातल्या एका होडीवर ते तांडेल होते. गेल्या डिसेंबरात पहाटे बंदरावर निघताना ते ओटीवरच कोसळले. चिपळूणला नेल्यावर मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव झाल्याचे स्कॅनमध्ये दिसले. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. आता पाच महिने झाले आहेत. काठी घेऊन ते पडवीपर्यंत चालतात, पण उजव्या हातात जोर नाही आणि बोलणे जवळजवळ गेले आहे. पाणी हवे असले तरी तो शब्द येत नाही. चिडले की शिवी मात्र स्पष्ट येते. गुरुवारी वाडीत भजन असते, तिथे सर्वांबरोबर अख्खा अभंग म्हणतात. घरातले म्हणतात, ते मुद्दामच बोलत नाहीत. मधेच रडू लागतात. बी.पी. आता 128 येते, म्हणून महिन्यापूर्वी आम्ही त्या गोळ्या बंद केल्या. माझ्या चुलत दिरांनाही अर्धांगवायू झाला होता. ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात आणि तीच यांनाही द्या म्हणतात. नारळी पौर्णिमेनंतर यांना होडीवर जाता येईल का?
— एक भगिनी, दापोली तालुका

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. गोळ्या बंद केल्याच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण तिथे एक दिवसही घालवण्यासारखा नाही. बी.पी. 128 येत होते ते गोळ्यांमुळे. आजार गेल्यामुळे नव्हे. महिनाभर औषध बंद असताना यजमानांना काही झाले नाही, हे केवळ नशीब. उद्याच डॉक्टरांकडे जाऊन औषध पुन्हा सुरू करून घ्या. मेंदूतील रक्तस्रावाचे सर्वांत मोठे कारण वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब हेच असते. त्या दाबाने मेंदूच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात आणि एखादी फुटते. एकदा असे झालेल्या माणसाचा रक्तदाब साधारणपणे 130/80 च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. घरी मशीन असेल तर पाच मिनिटे शांत बसवून डाव्या, म्हणजे चांगल्या हातावर मोजा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. जेवणात दिवसभराचे सगळे मीठ मिळून एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत हवे, आणि सुकट, सुके बांगडे, लोणचे, पापड यांतले मीठही त्यातच धरायचे. पावसाळ्यात आपल्याकडे सुक्या मासळीवरच भागते, हे मी जाणतो. ती भरपूर पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून देऊन आणि कमी वेळा करावी.

आता दिरांच्या गोळीविषयी. अर्धांगवायू हे नाव एकच असले तरी त्यामागे दोन निरनिराळ्या घटना असतात. एकात गुठळीने रक्तवाहिनी बंद पडते, दुसऱ्यात ती फुटते. जगभरात बहुसंख्य रुग्ण पहिल्या प्रकारचे असतात आणि दिरांचे दुखणेही बहुधा तेच असावे. म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली आहे. तुमच्या यजमानांची रक्तवाहिनी फुटलेली आहे. त्यांना तीच गोळी परस्पर दिली, तर पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. पुढे हृदयाच्या एखाद्या आजारासाठी तिची गरज पडलीच, तर तो निर्णय मेंदूचे डॉक्टर घेतील. अंगदुखीच्या गोळ्यासुद्धा दुकानातून परस्पर आणू नका.

ते मुद्दाम बोलत नाहीत, हा समज घरातून आधी काढून टाका. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने 1861 मध्ये एका रुग्णाविषयी लिहिले, ज्याला अनेक वर्षे ‘टॅन’ एवढाच उच्चार करता येत होता, पण समोरच्याचे बोलणे बरेचसे कळत होते. मृत्यूनंतर तपासले, तेव्हा त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली. बहुतेक माणसांमध्ये मनातला अर्थ शब्दांत आणण्याचे काम डावा भाग करतो. चालीवर म्हणायच्या, लहानपणापासून तोंडी बसलेल्या ओळींना मात्र उजव्या भागाचीही साथ मिळते, म्हणून अभंग शेवटपर्यंत येतो. शिवी आणि एक-दोन-तीन अशी अंकांची रांगही अशीच, न जुळवता तोंडून निघते. तेव्हा शिवीचे वाईट वाटून घेऊ नका. ती तुम्हाला उद्देशून नसते.

या अभंगाचाच उपयोग करून घ्या. समोर बसा, त्यांचा डावा हात तुमच्या हातात घेऊन मांडीवर हलके ठेके द्या आणि ‘पा-णी-दे’ हे दोन स्वरांत, गुणगुणल्यासारखे, संथ म्हणा. आधी तुम्ही, मग दोघे मिळून, मग शेवटचे अक्षर त्यांच्यावर सोडा. दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा मिनिटे पुरेत. एरवी बोलताना छोटे प्रश्न विचारा, ज्यांचे उत्तर मान हलवून देता येईल, आणि उत्तराची वाट पाहा. आपण तोंडातला शब्द काढून देतो तेव्हा मदत केल्यासारखे वाटते, पण त्यांचा प्रयत्न तिथेच तुटतो. मोठ्याने बोलू नका, त्यांना ऐकू येते. वाचा-उपचार तज्ज्ञाकडे महिन्यातून एकदा जाणे जमले, तरी घरचा सराव नीट चालला आहे का ते कळेल.

रडण्याची दोन कारणे असू शकतात. काही वेळा मेंदूतील इजेमुळे भावनांवरचा ताबा सुटतो आणि दुःख नसतानाही रडू येते. काही वेळा खरे नैराश्य असते, जे अशा आजारानंतर साधारण तिघांपैकी एकाला गाठते. दोन्हींवर औषधे आहेत. झोप आणि भूक कमी झाली आहे का, हे डॉक्टरांना अवश्य सांगा.

तुम्ही विचारले नाही, तरी हाताविषयी सांगतो. ओटीवर चढवताना कोणी उजवा हात धरून ओढत असेल, तर ते थांबवा. खांद्याचा सांधा स्नायूंनी धरलेला असतो आणि स्नायू सैल पडले की तो ओढण्याने निखळू लागतो. बसताना हाताखाली उशी हवी. बधिर हाताला गरम वाळूचा शेक देऊ नका. कातडी भाजली तरी त्यांना कळणार नाही. पाऊस सुरू होण्याआधी चिऱ्याच्या पायऱ्यांवरचे शेवाळ काढून घ्या आणि न्हाणीघरात धरायला दांडा बसवा.

होडीवर मात्र या हंगामात नाही. हलत्या फळीवर तोल, एका हाताचा जोर आणि झटका येण्याची शक्यता, या तिन्ही गोष्टी किनाऱ्यापासून दूर जिवावर बेतू शकतात. वेगाने होणारी सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दिसते, त्यानंतर ती संथ होते, पण थांबत नाही. पुन्हा तोंड वाकडे झाले, हातपाय गळाला, अचानक तीव्र डोकेदुखी झाली किंवा शुद्ध हरपू लागली, तर वेळ लिहून ठेवून 108 ला फोन करा आणि तोंडात पाणी किंवा गोळी काहीही घालू नका.

जूनपासून होड्या किनाऱ्याला लागतील आणि घरोघरी जाळी दुरुस्तीला निघतील. जाळ्याचा एक फाटका तुकडा यजमानांसमोर ठेवा. उजवा हात जाळे नुसते दाबून धरण्यापुरता वापरला तरी चालेल, गाठ डाव्याने मारू द्या. मग हळूहळू उजव्याची बोटे दोऱ्यावर आणा. पहिल्या दिवशी दोनच गाठी होतील आणि त्याही सैल असतील. त्या सोडवून पुन्हा घट्ट मारायला बसू नका, तशाच राहू द्या.