पाहुणे येणार म्हटलं की पोटात गोळा येतो

सुट्ट्या जवळ आल्या की एकच काळजी वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते: "घरात एवढी माणसं जमणार, कुणाला काही झालं तर?"

अशाच एक बाई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या (तपशील बदलले आहेत). आदल्या वर्षी पाहुण्या आजींच्या पर्समधली रक्तदाबाची गोळी दोन वर्षांच्या भाच्याच्या मुठीत सापडली होती. तोंडात गेली नव्हती. पण तेव्हापासून पाहुणे येणार म्हटलं की यांची झोप उडायची.

"तेव्हा तुम्ही कुठे होता?" मी विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. "गॅस बंद आहे का, बघत होते."

"कितव्यांदा?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला फार उशिरा जमलं.

"तिसऱ्यांदा," त्या म्हणाल्या आणि एकदम हसू फुटलं. "म्हणजे मॅडम, मी लक्ष ठेवतच नव्हते. नुसती घाबरत होते!"

हेच मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन चौथ्यांदा गॅस बघितला असता.

माणसाला घटनेपेक्षा त्याच्या मनातला हट्ट जास्त त्रास देतो, या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विचाराची मी माणूस. त्यामुळे माझा कान 'च'वर असतो. "कुणाला काही होऊ नये" ही इच्छा झाली. "होताच कामा नये" हा हट्ट. हट्टाला कितीही तपासलं तरी पुरत नाही. इच्छेतून मात्र करण्याजोगी कामं काढता येतात.

ती आम्ही काढली. पाहुणे आले की पर्स आणि औषधं उंच कपाटात. रिमोट, खेळण्यांमधल्या चपट्या बटण-बॅटऱ्यांची झाकणं घट्ट. गिळलेली बॅटरी दोन तासांतही अन्ननलिका जाळू शकते, तेव्हा शंका आली तरी थेट दवाखाना. भाजलं तर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्टही नाही. ज्येष्ठांना नवख्या घरात रात्री वाट सापडत नाही, म्हणून बाथरूमपर्यंत दिवा.

खरी अडचण पुढे होती. घर भरलेलं असलं की मुलांकडे दुसरं कुणीतरी बघतंय, असं प्रत्येकाला वाटतं. म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी लावायची, तीही नाव घेऊन. दिरांना काम कसं सांगायचं, यावर आमची दोन सत्रं गेली! शेवटी त्यांनी माझ्यासमोर म्हणून दाखवलं, "भाऊजी, साडेपाचपर्यंत मुलं तुमच्याकडे."

परवा त्यांचा फोन आला. सोळा माणसं, दोन दिवस. एका पोराचं ढोपर फुटलं म्हणे.

"कुणाच्या पाळीत?"

"माझ्याच," त्या म्हणाल्या. "धुतलं, पट्टी लावली, आणि परत गप्पा मारायला बसले."