मुलाच्या कलेचं कौतुक किती आणि कसं करावं? आमच्या घरचा अनुभव

तुमचा प्रश्न वाचला. मुलगा आठ वर्षांचा, दिवसभर कागद नाहीतर माती घेऊन बसलेला. तुम्हाला त्याच्या प्रत्येक गोष्टीचं कौतुक करावंसं वाटतं आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, एवढं डोक्यावर घेऊ नका, पोरगं बिघडेल. मग करायचं काय, असं तुम्ही विचारलंय. माझी मुलगी आता नववीत आहे. ती तुमच्या मुलाएवढी होती तेव्हा आमच्याही घरात हेच बोलणं चालायचं, म्हणून सविस्तर लिहितो.

कौतुकानं मूल बिघडतं असं मला वाटत नाही. पण बाप आपल्या कामाकडे बघतोय की काम बघणाऱ्या चार लोकांकडे बघतोय, हे लेकराला बरोबर कळतं. मला मात्र ते कळायला एक दिवाळी जावी लागली.

मी कराडचा. वायरिंग आणि मोटर रिवाइंडिंगची कामं करतो. मुलीला घरात आम्ही चिमी म्हणतो. तिसरीत असताना तिनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं दिवाळीचा किल्ला करायला घेतला. सहामाही परीक्षा संपली त्याच दुपारी परसातल्या फुटक्या विटा, दगड, दोन पोती असं सगळं तिनं गोळा केलं. विटांचा ढीग, त्यावर भिजवलेली पोती, पोत्यांवर लाल मातीच्या चिखलाचा लेप. त्यावर हळीव पेरले. किल्ल्याची एक बाजू तिनं जिभेसारखी लांब पुढं काढली होती. मी म्हटलं, हे वाकडं का झालंय? म्हणाली, "वाकडं नाही बाबा, ती माची आहे." आत्तेभावाच्या चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात तिनं राजगडाचं चित्र बघितलं होतं.

गल्लीतल्या मंडळाची किल्ल्यांची स्पर्धा होती. ती झोपल्यावर मी रात्री बसलो आणि किल्ला 'नीट' केला. माची आत घेतली, चार कोपऱ्यांना चार सारखे बुरूज लावले, एलईडीची माळ फिरवली, कूलरचा पंप जोडून धबधबा सोडला. पहिला नंबर आला. स्टीलचा डबा आणि प्रमाणपत्र मिळालं. मी फोटो काढून स्टेटसला टाकला, दिवसभर लोकांचे अंगठे येत होते. रात्री चिमीनं आईला विचारलं, "आई, हा डबा बाबांचा ना? बक्षीस बाबांना मिळालंय ना?" टोमणा नव्हता हो त्यात. तिला खरंच तसं वाटत होतं. डबा कोणाच्या कपाटात ठेवायचा, एवढंच ती विचारत होती.

मला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी तिला म्हटलं, माझं चुकलं, तुला न विचारता मी तुझ्या किल्ल्याला हात लावला. तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, "मग माची परत लावू या?" एक बुरूज आम्ही दोघांनी मिळून काढला. हळीव तोवर उगवून आले होते. तिनं त्या कोवळ्या हिरवळीचा तुकडा मुळांसकट, चटईचं टोक उचलावं तसा दोन्ही हातांनी उचलला, खाली चिखलाची जीभ पुन्हा लांब केली आणि तो तुकडा वर पसरला. एक काडी मोडली नाही. त्या हातांकडे बघताना मला पहिल्यांदा कळलं, ही पोरगी नुसती खेळत नाहीये.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन गोष्टी ठरल्या. तिच्या कामाला हात लावण्याआधी तिला विचारायचं. आणि तिनं काही मोठं केलं, एखादा टप्पा गाठला, की बक्षीस म्हणून वस्तू आणायची नाही. ती जे करू बघतेय त्याचं मूळ जिथं असेल तिथं सगळ्या घरानं जायचं. घरानं म्हणजे आजीसकट.

पहिली फेरी त्याच हिवाळ्यात, राजगडाला. पहाटे चारला मित्राची गाडी घेऊन निघालो. नसरापूर, मार्गासनी करत गुंजवण्याला पोचलो. आजी गावातच एका घरी बसली, आम्ही तिघं चढलो. त्या वाटेचा शेवटचा टप्पा चांगला उभा आहे, रेलिंगला धरून चढायचं, मग चोर दरवाजातून वाकून आत शिरलं की पद्मावती तळं समोर. संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी आहे. दोन भिंतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून चिमी दोन्ही हात पसरून, दोन्हीकडच्या दगडांना बोटं घासत चालत गेली. पुन्हा मागं आली. पुन्हा गेली. मग सुवेळा माचीवर गेलो, तिथं कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. वारा एवढा की कागद धरवत नव्हता. तिनं वहीच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि तासभर चित्र काढत बसली.

या तासभराचं मुद्दाम सांगतो. आम्ही दोघं मोठी माणसं, घड्याळ बघणारी. बालेकिल्ला बघायचा होता, उन्हाच्या आत उतरायचं होतं. दोनदा तिला उठवावं असं मनात आलं. तिच्या आईनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. बालेकिल्ला राहिला, अजूनही राहिलेलाच आहे. पण मुलाला घेऊन असं कुठं जाणार असाल तर एकच ठिकाण धरा आणि तिथून कधी उठायचं ते त्याला ठरवू द्या. पाच ठिकाणं उरकून आलेल्या सहलीतलं लेकराच्या कागदावर काहीच उतरत नाही.

पुढच्या दिवाळीला तिनं दोन भिंतींची माची केली. दिव्यांची माळ नाही, पंप नाही. नंबर आला नाही, परीक्षक उभ्याउभ्या बघून गेले. पण आमच्या शेजारचे एक निवृत्त गुरुजी किल्ल्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं, "का गं, ही मधी चर कशाला ठेवलीस?" मग तिनं त्यांना समजावलं की बाहेरची भिंत शत्रूनं पाडली तरी आतली भिंत उभीच राहते, आणि मधल्या जागेत शिरलेला माणूस अडकतो. दहा मिनिटं दोघं बोलत होते. आत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते स्टीलच्या डब्याच्या दिवशी नव्हतं. त्यानंतर मीही 'छान, मस्त' म्हणणं कमी केलं आणि विचारायला लागलो: हे आधी काढलंस की ते? इथं हा रंग का? तुम्हीही करून बघा, मुलगा भरभरून बोलेल.

रोजच्या बारीकसारीक गोष्टी पटकन सांगतो. प्रत्येक चित्राच्या मागं पेन्सिलीनं तारीख आणि त्या वेळी ती जे बोलली ते एक वाक्य लिहून ठेवतो. पलंगाखाली प्लायचा चपटा खोका करून घेतलाय, चित्रं गुंडाळून ठेवत नाही. रंग साधे चालतात, कागद मात्र चांगला घ्या. जलरंगाला पातळ कागद दिला की तो फुगतो, चोळवटतो आणि पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. स्टेटसला टाकायचं तर तिला विचारून. बऱ्याचदा ती नको म्हणते, मग नाही टाकत.

आता टप्पे. लोक प्रमाणपत्रं मोजतात. मला विचाराल तर तिच्या आजवरच्या प्रवासातला सगळ्यात मोठा दिवस सहावीतला आहे. आजी उंबऱ्याशी बसून पावटा सोलत होती आणि ही तिचे हात काढत होती. काढलं आणि फाडलं. दुसरं फाडलं. तिसरं चांगलं झालं होतं, मी तसं म्हणालोसुद्धा. तिनं तेही फाडलं आणि म्हणाली, "हे कुणाचेही हात आहेत. आजीचे नाहीत." चौथ्या चित्रात आजीच्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख आलं, घट्ट झालेल्या बांगडीनं मनगटावर उठलेला वळ आला. आजीनं चित्र हातात घेऊन आधी चित्राकडे, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि काही बोलली नाही. स्वतःचं काम स्वतः नापसंत करून पुन्हा बसणं, हा माझ्या लेखी खरा टप्पा. त्या संध्याकाळी प्रीतिसंगमावर जाऊन सगळ्यांनी भेळ खाल्ली. कृष्णा आणि कोयना आमच्याकडे अगदी समोरासमोर येऊन मिळतात, ते पाणी बघत बसलो. कुणी भाषण केलं नाही, पण ती भेळ कशाची होती ते तिला ठाऊक होतं.

आठवीत तिनं एलिमेंटरी दिली. तुमच्या मुलाला अजून वेळ आहे, पण माहीत असू द्या: राज्याच्या कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षा आहेत, आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यात विषय असतात. चिमीला बी ग्रेड मिळाली. नातेवाइकांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, ए का नाही? मी म्हटलं, भूमितीत कंपास हलला असेल, पण स्मरणचित्रात तिनं गड चढणारी माणसं काढलीत आणि त्यातली एक वहीवर दगड ठेवून बसलीय. आईनं पुरणपोळ्या केल्या. ठिकाण चिमीनं निवडलं, औंध.

पुसेसावळीमार्गे एसटीनं गेलो. यमाईचं दर्शन झालं आणि मग डोंगरावरच्या श्री भवानी संग्रहालयात. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी १९३८ साली आपला संग्रह लोकांना बघता यावा म्हणून हे उभारलं. राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं तिथं आहेत. कॅलेंडरवर बघितलेला रंग आणि प्रत्यक्ष कॅनव्हासवरचा रंग यातला फरक बघून चिमीची आई थक्क झाली. मी माझ्या सवयीनं दिवे शोधत होतो. तर चित्रांवरचा बराचसा उजेड वरच्या खिडक्यांतून येतो, डोळ्यांवर न येता. इतका विचार करून बांधलेली जागा मी क्वचितच बघितलीय. आणि चिमी? ती हेन्री मूर या इंग्रज शिल्पकारानं घडवलेल्या आई आणि मुलाच्या शिल्पासमोर उभी. खूप वेळानं म्हणाली, "बाबा, दोघं एकाच दगडातनं काढलीत." मी होय म्हटलं. घरी परतेपर्यंत ती जवळजवळ बोललीच नाही. दुसऱ्या दिवसापासून मातीत बसली ती वेगळीच बसली. आधी डोकं वेगळं, हात वेगळे करून चिकटवायची, आता एकाच गोळ्यातून काढायला लागली.

यंदा इंटरमिजिएट आहे. या वेळी निकालाची वाट न बघता आधीच अजिंठ्याला जाऊन आलो, कारण आजीनं हट्ट धरला, माझे गुडघे चालतायत तोवर मला न्या. फर्दापूरच्या फाट्यावरून बसनं वर गेलो, पायऱ्या आजी बसत-उठत चढली. पहिल्या लेण्यात अंधार. डोळे सरावले की हातात कमळ घेतलेला पद्मपाणी हळूहळू दिसायला लागतो. चिमी चित्राकडे बघत होती आणि आजी जिथला रंग उडालाय तिथं. मी म्हटलं, इथं मातीत भाताचं तूस आणि झाडांचे तंतू मिसळून गिलावा करायचे, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळला की रंग. आजी चटकन म्हणाली, "आरं, मग ही तर आमच्या म्हायेरची भित हाय की. तूस घातल्याबिगर माती धरत न्हाई, तडकती." चिमीनं वळून आजीकडे असं बघितलं की जणू तिला पहिल्यांदाच बघतेय. "आजी, तुला येतं हे करायला?" "न येऊन सांगती कुणाला? लगीन व्हईस्तवर तेच केलं."

परतीच्या सगळ्या वाटेवर मागच्या सीटवर दोघींचं तेच चाललं होतं. किती दिवस माती भिजवायची, शेण किती, हात कसा फिरवायचा. मला आणि तिच्या आईला त्यात जागा नव्हती, आणि आम्ही दोघंही फार सुखात होतो.

आता परसात भाताच्या गिरणीतून आणलेल्या तुसाचं पोतं आहे. पहिली फळी लिंपली ती वाळताना मधोमध तडकली. आजी म्हणाली तूस कमी पडलं, चिमीनं वहीत प्रमाण लिहून घेतलं. दुसरी परवा लिंपलीय. ती उन्हात ठेवायची नाही म्हणून जिन्याखाली उभी केलीय, आणि शाळेतून आली की दप्तर खाली टाकायच्या आधी चिमी तिला बोटाची मागची बाजू लावून बघते. आजही बघितलं. म्हणाली, अजून ओली आहे.